विमानाच्या पोटातला पसारा आवरला, त्याला आता आठ महिने झाले

विमान रिमोटवर उडणारं, बाल्साचं (हलक्या लाकडाचं) आहे, पंख साधारण सव्वा मीटर, ३एस (तीन सेलची) २२०० एमएएचची लिपो बॅटरी आणि ४० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट). आधी मी हे सगळं फोममध्ये गुंडाळून आत नुसतं कोंबायचो, हॅच बंद झालं की काम झालं. मग एकदा भर चढाईत मोटर बंद पडली, कसंबसं गवतात उतरवलं आणि उघडून बघतो तर ईएससीला बोट लावता येईना इतका तापलेला, फोमची दुलई पांघरून बसला होता बिचारा!

त्यानंतर ३ मिमी प्लायचा ट्रे कापला. बॅटरी वर, ईएससी खाली, नाकातल्या भोकासमोर. हवा आत येण्यापेक्षा बाहेर जायचं भोक मोठं लागतं, निदान दीडपट, हे मला उशिरा कळलं, नुसतं पुढे भोक पाडलं तर हवा आतच तुंबते. शेपटीकडे भोक पाडल्यावर फरक लगेच दिसला, आता उतरल्यावर ईएससी कोमट असतो, बस.

वायरींच्या बाबतीत एक चूक होता होता राहिली. बॅटरी ट्रेच्या टोकाला गेली म्हणून मी तिच्या वायरी वाढवायला निघालो होतो. तसं करू नका. त्या लांबल्या की ईएससीच्या कपॅसिटरवर व्होल्टेजचे झटके बसतात आणि तो उडू शकतो. मी ईएससी मागे सरकवला आणि मोटरकडच्या तीन वायरी वाढवल्या, त्या वाढलेल्या चालतात. (जोडल्यावर मोटर उलटी फिरली, तिन्हीतल्या कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की सरळ. प्रोपेलर अर्थात काढून ठेवलेला.)

सगळ्यात जास्त सुख कशाचं म्हणाल तर ट्रेवर पेन्सिलने मारलेल्या एका रेघेचं. बॅटरीची पुढची कड रेघेला लावायची, पट्टा आवळायचा, सीजी (विमानाचा तोल साधतो तो बिंदू) जागेवर. आधी दर वेळी बोटांवर तोलत बसायचो, आणि एकदा पट्टा ढिला राहून बॅटरी मागे घसरली तेव्हा विमान शेपटीवर बसल्यासारखं उडत होतं, हात थरथरले माझे. चिकटवायचं वेल्क्रो मात्र कोऱ्या प्लायवर टिकत नाही, दोनदा सुटून आलं, मग इपॉक्सीचा पातळ हात मारून चिकटवलं तेव्हापासून हललं नाही. पट्टा तरीही हवाच.

रिसीव्हर (रिमोटचे सिग्नल पकडणारा) पार मागे, ईएससीपासून लांब, अँटेनाची दोन टोकं काटकोनात. त्याचा आजवर काही त्रास नाही.

तक्रार एकच. ट्रेचा मागचा स्क्रू ईएससीच्या बरोब्बर खाली आलाय. गेल्या महिन्यात एलिव्हेटरचा सर्व्हो (शेपटीची फळी वरखाली हलवणारी छोटी मोटर) बदलायचा होता, काम पाच मिनिटांचं, पण त्या स्क्रूपायी झिप टाय कापा, ईएससी उचला, वायरी बाजूला करा, यात अख्खी दुपार गेली. आता ट्रेला तिथे खाच पाडलीये, स्क्रू ड्रायव्हर तिरका घातला की कसाबसा पोचतो.