मायटोकाँड्रियाचं मॉडेल आणलं आणि पहिल्याच दिवशी त्याला कटर लावला

पाचपैकी तीन स्टार, आणि त्यातला एक नुसता स्टँड मजबूत आहे म्हणून.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत घरीच अकरावी-बारावीच्या पोरांना बायो शिकवते. दरवर्षी फळ्यावर तोच काजूचा आकार काढून कंटाळा आला म्हणून यंदा इथल्याच एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातनं मायटोकाँड्रियाचं (पेशीला ऊर्जा पुरवणारा तिच्या आतला बारका भाग) उभं कापलेलं मॉडेल आणलं, फोमचं, दोन वीत लांब, १,४५० रुपये. दुकानाचं नाव लिहीत नाही, माणूस चांगला आहे आणि माल काय त्यानं बनवलेला नाही.

आधी चांगलं सांगते. रंग झकास, पोरांनी हाताळून हाताळून पण उडाला नाही. एटीपी म्हणजे पेशीची खर्चायची ऊर्जा, ती बनवणाऱ्या एटीपी सिंथेज ह्या प्रथिनाच्या लाल गुंड्या आत मॅट्रिक्सकडं, म्हणजे अगदी आतल्या पोकळीकडं, तोंड करून लावल्यात, हे अगदी बरोबर, मी छापील तक्त्यांत त्या उलट्या लावलेल्या बघितल्यात.

पण मेन लोचा असा की बाहेरचं आवरण आणि आतलं आवरण यांच्यामधली फटच डिंक ओतून बुजवून टाकलीय! आता दोन आवरणं आहेत म्हणून पोरं पाठ करतात, पण का आहेत हे त्या फटीतच तर कळतं. आणि क्रिस्टी म्हणजे आतल्या आवरणाच्याच घड्या हो, लुगड्याच्या निऱ्या असतात तशा, फट त्या घडीच्या पोटात पण जाते. इथं मात्र भरीव फळ्या ठोकल्यात, कपाटाच्या कप्प्यासारख्या.

मी पोरांना राधानगरी धरणावरनं सांगते. खाल्लेल्या अन्नातनं निघालेले इलेक्ट्रॉन आतल्या आवरणातल्या प्रथिनांवरनं पुढं पुढं सरकतात, शेवटी ऑक्सिजन ते घेतो आणि पाणी तयार होतं, आपण श्वास घेतो तो मुख्यतः ह्यासाठी. त्या सरकण्यातनं जी ताकद मिळते तिच्यावर मॅट्रिक्समधले प्रोटॉन उपसून फटीत कोंडले जातात, म्हणजे धरण भरलं. मग ते प्रोटॉन एटीपी सिंथेजमधनं परत आत येताना ते खरोखर गरगर फिरतं, पॉवरहाऊसच्या टर्बाइनसारखं, आणि एटीपी तयार होतं. पीटर मिचेल ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९६१ साली ही प्रोटॉनची कल्पना मांडली तेव्हा बऱ्याच जणांना पटली नव्हती, १९७८ ला त्यालाच नोबेल मिळालं. पुढं एक पोरगी म्हणाली, मॅडम मग धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले तर? लई भारी प्रश्न. तसे दरवाजे पण असतात की, तान्ह्या बाळाच्या खांद्यामागं तपकिरी चरबी असते तिथं प्रोटॉन टर्बाइनला बगल देऊन आत येतात, एटीपी होत नाही, नुसती ऊब होते, आणि बाळाला तीच पाहिजे असते. आता फटच नसलेल्या मॉडेलवर हे सगळं कसं दाखवायचं सांगा.

मग काय, कटर घेतला, एका बाजूची फट मोकळी केली आणि त्यात मोहरी भरली. मोहरी म्हणजे प्रोटॉन. चटईवर अजून सापडतीय.

बाकीच्या चुका बारक्या. डीएनए सरळ धाग्यासारखा चिकटवलाय, माणसाच्या मायटोकाँड्रियात तो गोल कड्यासारखा असतो, १६,५६९ बेस जोड्या आणि ३७ जनुकं, आणि तो आईकडनंच येतो (हे ऐकल्यावर पोरी जरा ताठ बसतात). प्रथिनं बनवणारा रायबोसोम एक पण नाही. आणि लेबलवर ‘तंतूकनिका’ छापलंय! तंतुकणिका हो, तंतुकणिका. कार्ल बेंडा ह्या जर्मन शास्त्रज्ञानं १८९८ ला ठेवलेल्या ग्रीक नावाचा अर्थ पण धागा आणि कण असाच आहे, इतका नेमका मराठी शब्द मिळाला असताना त्याची ही गत. जिवंत पेशीत ह्या लांब धाग्यासारख्या होतात, एकमेकींना जुळतात, परत तुटतात, ते फोममध्ये येणार नाही, ते मान्य.

तालमीत जाणाऱ्या एका पोरानं विचारलं, पैलवानाच्या मांडीत किती असतील? आकडा कुठनं सांगू. पण हृदयाच्या स्नायूपेशीत साधारण तिसरा हिस्सा जागा ह्यांनीच व्यापलेली असते आणि तांबड्या रक्तपेशीत एकही नसते. रोज लांब पळालास तर मांडीत वाढतील म्हटलं, पण डाव टाकतानाच्या झटक्यात मायटोकाँड्रियाच्या बाहेर पेशीद्रवातच काम उरकतं, तिथं एका ग्लुकोजमागं निव्वळ २ एटीपी, मायटोकाँड्रियातनं गेलं तर एकूण ३०-३२. जुन्या पुस्तकात ३८ आहे, परीक्षेत तुमच्या पुस्तकात असेल तेच लिहा बाबांनो.

दुकानात जाऊन सांगितलं तर म्हणाले, “मॅडम, सगळ्या शाळांत हेच जातंय, आजवर कोण काय बोललं नाही.” नवीन लेबल छापून देतो म्हणाले. त्याला दीड महिना झाला. घ्यायचं असेल तर घ्या, पण कटर आणि वाटीभर मोहरी जवळ ठेवा.