'गॅरंटीड डबल'चं गणित मला चौथ्या हप्त्याला कळलं

आधीच सांगतो, कुणी पैसे घेऊन पळालं नाही, कंपनी बुडाली नाही आणि विमा पॉलिसीच्या फॉर्मवरची सही माझीच आहे. तरी फसलो. असे फसलेले बरेच जण निवांत आहेत कारण आपण फसलोय हेच त्यांना माहीत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

झालं असं की बोनस खात्यात पडला आणि दोन दिवसात बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरचा फोन. आपल्या खात्यात किती आलेत हे त्याला बसल्या जागी दिसतं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. मी म्हणलं एफडी करायचीय. तर म्हणे सर एफडीच आहे समजा, फक्त यात विमा फुकट आणि पैसे गॅरंटीड डबल. मग त्याने प्रिंटरमधला एक कोरा कागद ओढला आणि पेन्सिलीने मांडून दाखवलं. आकडे माझे खरे देत नाही, वर्षाला १०० धरा. १० वर्षं भरायचे म्हणजे १०००, विसाव्या वर्षाच्या शेवटी मिळणार २०००. "म्हणजे १०० टक्के फायदा ना सर? भरताय किती वर्षं? दहा. १०० भागिले १०, वर्षाला १० टक्के!" आणि त्या १०% ला गोल केला. मी इंजिनिअर माणूस, मान डोलावली.

बायकोने एकच प्रश्न विचारला, मध्येच पैसे लागले तर? तो म्हणाला, "मॅडम, त्यावर लोन मिळतं ना." किती छान वाटलं ऐकायला. आपलेच पैसे, आपल्यालाच व्याजाने, आणि नंतर बघितलं तर ते व्याज आमचे पैसे वाढत होते त्याच्या दुप्पट दराने.

तीन हप्ते गेले. चौथ्याच्या वेळी नेमकी पैशाची अडचण, म्हणून पॉलिसी मोडायला गेलो तर ३०० भरून हातात येत होते जेमतेम १००. तिथे पहिल्यांदा पोटात गोळा आला. त्या रविवारी मेव्हणा घरी आलेला, त्याला कागद दाखवला. त्याने लॅपटॉप उघडला, एक्सेलमध्ये दहा ओळी वजा १००, त्याखाली दहा शून्यं, शेवटी २०००, आणि खाली आयआरआरचा, म्हणजे पैसे कधी गेले आणि कधी आले ते धरून वर्षाला खरं किती टक्के सुटतं त्याचा फॉर्म्युला. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाला, "दाजी, हे साडेचार टक्के आहे."

मी म्हणलं शक्यच नाही, परत कर. परत साडेचार. खरं तर एक्सेलचीही गरज नव्हती. पहिला हप्ता २० वर्षं अडकतो, शेवटचा ११ वर्षं, म्हणजे सरासरी साडेपंधरा वर्षांत दुप्पट. पैसे जितक्या वर्षांत दुप्पट होतात त्याने ७२ ला भागलं की वर्षाचा दर अंदाजे कळतो; ७२ ला साडेपंधराने भागा, साडेचारच्या वरच कुठेतरी येतं. हा ७२ चा नियम इटलीतल्या लुका पाचोलीने १४९४ मध्ये छापून ठेवलाय आणि मी कॅल्क्युलेटर खिशात घेऊन फिरतोय. वर महागाई. ६ टक्क्यांची धरली तर २० वर्षांनंतरच्या २००० ची किंमत आजचे सव्वासहाशे पण नाही.

आणि तो फुकटचा विमा? वर्षाच्या हप्त्याच्या १० पट. मी उद्या गेलो असतो तर घरच्यांना दोन वर्षंही पुरला नसता. तेवढ्याच हप्त्यात साध्या टर्म प्लॅनमध्ये, म्हणजे ज्यात फक्त विमा असतो आणि शेवटी पैसे परत मिळत नाहीत, याच्या कितीतरी पट कव्हर मिळतं, पण ते कुणी फोन करून विकत नाही, त्यात कमिशन ते किती.

तक्रार केली. त्यांनी व्हेरिफिकेशन कॉलचं रेकॉर्डिंग ऐकवलं. मुलगी विचारतेय, हे विमा उत्पादन आहे हे तुम्हाला सांगितलंय का? आणि मागे मुलांचं कार्टून चालू असताना माझाच आवाज, हो हो, हो मॅडम, हो. फोन यायच्या आधी मॅनेजरने सांगून ठेवलेलं की सगळ्याला हो म्हणा नाहीतर प्रोसेस अडकते. पॉलिसी परत करायची सुरुवातीची मुदतही कधीच संपलेली, कारण पीडीएफ मेलवर आली होती आणि ती मी उघडलीच नव्हती. हा मात्र माझाच गाढवपणा.

आता जे आधीच अडकलेत त्यांच्यासाठी. रागाच्या भरात मोडू नका, मी मोडणारच होतो. पुढचे हप्ते बंद करून पॉलिसी तशीच पेड-अप ठेवता येते का ते विचारा, आणि शेवटी किती मिळतील ते लेखी घ्या. माझ्या बाबतीत ६०० मिळणार होते. म्हणजे आज मोडून १०० घ्यायचे की १७ वर्षांनी ६००? ते ११ टक्क्यांच्या आसपास जातं, मोडून तेवढं मी कुठेच खात्रीने कमावलं नसतं. उलट उरलेले सात हप्ते, म्हणजे ७००, भरत राहिलो असतो तर शेवटी ६०० ऐवजी २००० मिळाले असते, म्हणजे त्या पैशावर सुटत होते फक्त ५ टक्के. गेलेले ३०० या हिशोबात कुठेच येत नाहीत, हे पचवायला मला आठवडा लागला. म्हणून पेड-अप केली. तुमच्या पॉलिसीचे आकडे वेगळे असतील, तुमचे तुम्ही मांडून बघा.

पेन्सिलीचा तो कागद अजून फाइलमध्ये आहे. ना बँकेचं नाव, ना तारीख, ना कुणाची सही, नुसता १०% आणि गोल. तो मॅनेजर दुसऱ्या ब्रँचला गेला. नवीन लोकांचे फोन येतातच, मी वाद घालत नाही, फक्त म्हणतो आयआरआर किती ते बँकेच्या मेलवरून लिहून पाठवा, मग बोलू. आतापर्यंत चौघांना सांगितलं, मेल एकाचाही आला नाही.