लिहिलं ‘वाय’, मिळालं ‘एन’: झेफिरसोबतचे चौदा महिने

आमचं दुकान छोटं. भोसरीत एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर पाच टाळकी, आणि मुख्य माल म्हणजे शीतगृहात टांगायचा तापमान-नोंदणीचा डबा. बॅटरीवर चालतो, दर काही मिनिटांनी तापमान घेतो, साठवतो, विचारलं की सांगतो. जुन्या डब्याचं फर्मवेअर फ्रीआरटीओएसवर, म्हणजे छोट्या चिपसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आहे. नवा डबा करताना, ऑगस्ट २०२४ मध्ये, आम्ही त्याच कामाची दुसरी सिस्टिम, झेफिर, घेतली. आदल्याच महिन्यात ३.७ आलं होतं, दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती म्हणून. आता चौदा महिने झाले.

शेड्यूलर, थ्रेड, सेमाफोर यांबद्दल इथे काही लिहीत नाही. ते चालतं, तक्रार नाही. लिहायचंय ते बिल्डच्या कॉन्फिगरेशनबद्दल, कारण माझे निम्मे दिवस सी कोडमध्ये गेलेच नाहीत, तिकडे गेले.

फ्रीआरटीओएसमध्ये एक हेडर फाइल असते, तिच्यात डिफाइनची यादी. काय चालू, काय बंद, एका नजरेत दिसतं. झेफिरमध्ये दोन खाती वेगळी. सॉफ्टवेअरमधलं काय हवं ते केकॉन्फिग बघतं, चिपवर आणि बोर्डवर काय आहे, कुठली पिन कशाला जोडलीय ते डिव्हाइसट्री. दोन्ही लिनक्स कर्नलच्या घरातून आलेली. फरक एवढाच की लिनक्समध्ये डिव्हाइसट्रीची बायनरी होते आणि कर्नल ती बूट होताना वाचतो. इथे बिल्डच्याच वेळी त्या झाडाच्या सी मॅक्रोच्या काड्या होतात. चिपवर झाड जातच नाही. जागा वाचते, पण ओव्हरलेमध्ये (झाडात आपले बदल लिहायच्या फाइलमध्ये) एखादा सेन्सर ‘ओके’ करायचा राहिला की लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणारा, सांगतो, ‘डिव्हाइस डीटीएस ऑर्ड ३७’ सापडत नाही. कोण हा ३७? बिल्ड फोल्डरमधल्या जनरेटेड हेडरमध्ये क्रमांकांची यादी असते, तिथे जाऊन शोधायचं. पहिल्यांदा मला अर्धा दिवस लागला. आता दोन मिनिटं लागतात, पण चीड तेवढीच येते.

केकॉन्फिगची गंमत वेगळी. पीआरजे डॉट कॉन्फ या प्रोजेक्टच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये आपण जे लिहितो तो सरकारी खात्यातला अर्ज समजायचा. सोबतची कागदपत्रं जोडली नसतील तर मंजूर होत नाही, आणि नामंजूर झाल्याचं कुणी ओरडून सांगत नाही. नावाचं स्पेलिंग चुकलं तर बिल्ड तिथल्या तिथे थांबतं, ते बरं आहे. पण नाव बरोबर असून त्याच्या अटी पुऱ्या होत नसतील तर फक्त एक इशारा येतो: अमुक चिन्हाला (म्हणजे पर्यायाला) ‘वाय’ (हो) ही किंमत दिली, पण मिळाली ‘एन’ (नाही). त्याखाली कुठली अट अडली तेही लिहिलेलं असतं. मग त्यावरून बिल्ड चालवणाऱ्या निंजाच्या शेकडो ओळी धावतात आणि शेवटी फ्लॅश-रॅम किती भरली त्याचा तक्ता येतो. आपली नजर तक्त्यावर.

हे आम्हाला महागात पडलं ते असं. डब्याचं कॅलिब्रेशन एनव्हीएसमध्ये, म्हणजे बॅटरी काढली तरी टिकणाऱ्या फ्लॅशमधल्या साठवणीत, ठेवायचं होतं. सुरुवातीचं काम न्यूक्लिओ या विकत मिळणाऱ्या तयार बोर्डवर झालं, तिथे सगळं व्यवस्थित. मग आमचा स्वतःचा बोर्ड आला, एसटीएम३२एल४३३ चिपचा, २५६ केबी फ्लॅश आणि ६४ केबी रॅम. कोड तोच, बिल्ड पास, डबा चालू. कॅलिब्रेशन केलं, बॅटरी काढून परत घातली, ऑफसेट शून्य. आमच्या ज्युनियरने दोन दिवस फ्लॅशच्या ड्रायव्हरमध्ये डोकं घातलं.

‘‘दादा, एनव्हीएस चालू आहे. हे बघा, मी वाय लिहिलंय.’’

‘‘लिहिलंयस गं. मिळालंय का?’’

बिल्ड फोल्डरमध्ये झेफिर नावाच्या उपफोल्डरात एक डॉट कॉन्फिग फाइल तयार होते. सगळे अर्ज, सगळ्या अटी, सगळे डीफॉल्ट एकत्र होऊन शेवटी काय ठरलं ते तिच्यात असतं. ती उघडली. एनव्हीएसची ओळच तिच्यात नव्हती. कारण एनव्हीएसला फ्लॅश ड्रायव्हर चालू लागतो आणि ती ओळ आम्ही कधीकाळी न्यूक्लिओच्या नावाच्या कॉन्फ फाइलमध्ये टाकली होती. बोर्ड्स फोल्डरमधली बोर्डच्या नावाची फाइल झेफिर आपणहून उचलतं. बोर्ड बदलला की आपणहून सोडूनही देतं. एनव्हीएस गेलं, म्हणून सेटिंग्जच्या मागचा साठवणीचा बॅकएंड गेला, आणि सेटिंग्ज उपप्रणाली ‘बॅकएंड काहीच नाही’ या पर्यायावर जाऊन बसली. तो पर्याय अधिकृत आहे, म्हणून लिंकरही गप्प. सेव्ह करणारं फंक्शन एरर परत देत होतं, पण परत आलेली किंमत आम्ही तपासलीच नव्हती. ती चूक आमची, झेफिरची नाही.

त्या दिवसापासून ती डॉट कॉन्फिग फाइल आम्ही गिटमध्ये ठेवतो. जनरेटेड फाइल गिटमध्ये ठेवू नये असं सगळे शिकवतात, मीही शिकवायचो. पण दर रिलीजला स्वच्छ फोल्डरात बिल्ड करायचं, नवी डॉट कॉन्फिग जुनीशी ताडून बघायची, आणि फरकातली प्रत्येक ओळ कुणीतरी समजावून सांगायची, हा नियम केल्यापासून झोप बरी लागते. शिवाय बिल्डच्या लॉगमध्ये तो ‘दिली पण मिळाली’वाला इशारा सापडला की आमची स्क्रिप्ट बिल्ड नापास करते. ती ग्रेपची, म्हणजे मजकूर शोधणाऱ्या आज्ञेची, एक ओळ आहे, बाकी काही नाही.

या सवयीचा खरा फायदा बॅटरीच्या वेळी कळला. पॉवर मॅनेजमेंटसाठी सिस्टिमचं घड्याळ सिसटिक या नेहमीच्या टायमरवरून एलपीटीआयएम या कमी वीज खाणाऱ्या टायमरवर नेलं, ३२७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलवर. पीआरजे डॉट कॉन्फमध्ये एक ओळ, ओव्हरलेमध्ये दोन-तीन. डॉट कॉन्फिगच्या फरकात मात्र एक ओळ अशी निघाली जी आम्ही लिहिलीच नव्हती: सेकंदाचे टिक (घड्याळाचे ठोके) १०००० वरून ४०९६. म्हणजे एक टिक सुमारे २४४ मायक्रोसेकंदांचा झाला. आमच्या एडीसीच्या (सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात वाचणाऱ्या भागाच्या) कोडमध्ये जागोजागी १०० मायक्रोसेकंदांची झोप होती, ती आता किमान एका टिकाची. प्रत्येक रीडिंग लांबलं. डबा किती वेळ जागा राहतो यावर बॅटरीचं सगळं गणित, ते परत मांडावं लागलं. फरक बघितला नसता तर ही गोष्ट शीतगृहवाल्याकडून कळली असती.

मेनूकॉन्फिगबद्दल, म्हणजे केकॉन्फिगचे पर्याय मेनूत दाखवणाऱ्या साधनाबद्दल, नवख्यांसाठी एवढंच: शोधायला उत्तम, साठवायला वाईट. स्लॅश दाबून चिन्ह शोधा, प्रश्नचिन्ह दाबून ते कुठल्या अटींवर अवलंबून आहे ते वाचा. पण तिथे बदलून सेव्ह केलेलं बिल्ड फोल्डरातच राहतं. फोल्डर साफ केलं की गेलं. मी पहिल्या महिन्यात तीनदा हरवलंय. डी दाबलं की किमान कॉन्फिग वेगळ्या फाइलमध्ये निघतं, त्यातून हवी ती ओळ हाताने पीआरजे डॉट कॉन्फमध्ये आणायची.

आता टूलचेन, म्हणजे कंपायलर, लिंकर वगैरेंचा संच. एका संध्याकाळी माझ्या लॅपटॉपवर बिल्ड फुटलं, फ्लॅशचा भाग ओव्हरफ्लो. शेजारच्या टेबलावर तोच कमिट आरामात बसत होता. आमच्याकडे बूटलोडरला (चालू होताना ॲप तपासून सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला) ४८ केबी आणि ॲपसाठी दोन स्लॉट प्रत्येकी १०० केबीचे, त्यामुळे जागा तशी काठावरच. ऑप्टिमायझेशन, लॉगची पातळी, सगळं ताडून झालं, दोघांचं सारखंच. शेवटी बिल्डची मांडणी करणारं सीमेक सुरुवातीला जी ‘टूलचेन सापडली’ अशी ओळ छापतं ती वाचली. शेजारच्याकडे झेफिरचा एसडीके (झेफिरचा स्वतःचा टूलचेन-संच) ०.१६.८, माझ्याकडे लिनक्सच्या भांडारातून कधीतरी टाकलेला आर्मचा जीसीसी. माझ्या बॅशआरसीमध्ये (टर्मिनलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) दोन वर्षांपूर्वीच्या एका प्रोजेक्टची ओळ पडून होती, टूलचेनचा प्रकार ठरवणारी. कंपायलर वेगळा, त्याच्यासोबतची सी लायब्ररी वेगळी, मग आकार सारखा कसा येणार? आता बिल्डची स्क्रिप्ट आधी ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पुसते आणि एसडीकेची आवृत्ती तपासते. जुळली नाही तर पुढे जातच नाही.

क्रॉस-कंपाइलचा दुसरा झटका एका सेन्सरच्या तयार लायब्ररीने दिला. विक्रेत्याने सोर्स दिला नाही, नुसती आधीच कंपाइल केलेली डॉट ए फाइल. आम्ही एफपीयू, म्हणजे दशांश आकड्यांचं गणित करणारा चिपचा भाग, चालू केला होता, त्यामुळे आमचा कोड फ्लोटचे आर्ग्युमेंट एफपीयूच्या रजिस्टरमधून पाठवणारा. त्यांची लायब्ररी सॉफ्ट फ्लोटची, म्हणजे ती रजिस्टर न वापरणारी. लिंकर स्पष्ट सांगतो की एक फाइल व्हीएफपी रजिस्टर वापरते, दुसरी नाही. या संदेशाला मी शंभर मार्क देतो. दोन्ही प्रोसेसर कॉर्टेक्स-एम४च, मग जुळत का नाही, हे विक्रेत्याच्या माणसाला फोनवर समजावण्यात आठवडा गेला. शेवटी त्यांनी हार्ड फ्लोटची प्रत पाठवली.

वेस्टबद्दल, म्हणजे झेफिर आणि त्याचे मॉड्यूल उतरवून घेणाऱ्या साधनाबद्दल, फार सांगण्यासारखं नाही. मॅनिफेस्टमध्ये मेन ब्रँच ठेवू नका, टॅग ठेवा. आणि सगळे मॉड्यूल ओढू नका, नाहीतर जगातल्या सगळ्या चिप कंपन्यांचे हॅल (त्यांच्या चिप हाताळणारा कोड) तुमच्या डिस्कवर उतरतील. नावांची परवानगी-यादी दिली की आमचं चार-पाच मॉड्यूलमध्ये भागतं, आणि गाळ्यातल्या नेटवर ते महत्त्वाचं आहे.

सिसबिल्ड, म्हणजे झेफिरची एकत्र बिल्डची सोय, मला आवडलं, पण ते समजायला वेळ लागला. बूटलोडर आणि ॲप एका आज्ञेत बनतात, तरी दोघांचं कॉन्फिगरेशन वेगळं. ॲपच्या पीआरजे डॉट कॉन्फमध्ये काहीही लिहा, एमसीयूबूटला, म्हणजे आमच्या बूटलोडरला, त्याचा पत्ता नसतो. सहीची किल्ली कुठली वापरायची ते तिसऱ्याच ठिकाणी, सिसबिल्डच्या कॉन्फमध्ये. आणि इथे नीट ऐका: तुम्ही किल्ली दिली नाहीत तर एमसीयूबूटच्या रिपॉझिटरीतली नमुन्याची किल्ली लागते. ती सरावासाठी आहे, खासगी भागासकट सगळ्या जगाला उपलब्ध आहे. सही झाली, बूटलोडरने तपासली, सगळं हिरवं. आमची पहिली वीस नगांची खेप त्याच किल्लीने सही होऊन खोक्यात भरली होती. आमच्या हार्डवेअरवाल्या काकांनी सहज विचारलं, ‘‘किल्ली कोणाकडे ठेवलीय रे?’’ मला उत्तर देता आलं नाही, म्हणून कळलं. वीसच्या वीस खोकी परत उघडली.

डीबग आणि रिलीज यांच्यासाठी आम्ही दोन वेगळ्या जादाच्या कॉन्फ फाइल ठेवल्यात, बिल्डच्या वेळी त्यांतली एक जोडायची. ती सगळ्यात शेवटी लागते, म्हणून तिचा शब्द अंतिम. रिलीजच्या आधी हार्डनकॉन्फिग एकदा चालवून बघा, शेल किंवा तसलं काही चुकून चालू राहिलं असेल तर दाखवतं. आणि नेटवर सापडलेली जुनी उदाहरणं जपून वापरा. ३.७ मध्ये हार्डवेअर मॉडेल बदललं. पूर्वी बोर्डच्या नावात अंडरस्कोरने चिप जोडलेली असायची, आता स्लॅशने. जुन्या लेखातली आज्ञा चिकटवली की काही वेळा बोर्ड सापडत नाही आणि माणूस आपला सेटअप बिघडला समजतो.

घ्यावं का? तुमच्याकडे एकाहून जास्त बोर्ड असतील, ब्लूटूथ किंवा नेटवर्क लागणार असेल, आणि कॉन्फिगरेशनकडे कोडसारखं बघणारा एक माणूस टीममध्ये असेल, तर घ्या. आमच्या दुसऱ्या उत्पादनाचा बोर्ड झेफिरवर आठवड्यात उभा राहिला, बहुतेक काम ओव्हरलेमध्येच झालं. पूर्वी महिना जायचा. एकच चिप, एकच बोर्ड, दोन थ्रेड एवढंच असेल तर या सगळ्या खात्यांचे हेलपाटे कशाला?

झेफिरच्या ४.० पासूनच्या आवृत्त्यांवर अजून गेलो नाही. फांदी काढून एकदा बिल्ड मारून बघितलं, डॉट कॉन्फिगमधला फरक तीन स्क्रीन भरला, फांदी तशीच ठेवलीय. जुन्या डब्याचं फर्मवेअर मात्र झेफिरवर नेणार नाही. त्याची मेकफाइल चाळीस ओळींची आहे आणि त्यातल्या एकोणचाळीस मला पाठ आहेत. चाळिसावी कशासाठी आहे ते कुणालाच माहीत नाही, पण काढली की डबा बूट होत नाही.