सरस, काळा घोडा की माहीमची जत्रा? लहान पोरांना घेऊन निघण्याआधी

मुंबईत थंडी पडली न पडली तोच जत्रांचे आणि महोत्सवांचे दिवस सुरू होतात. घरात दोन ते सात वर्षांचं मूल असेल तर साधारण तीन नावं निघतात: महिला बचत गटांचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन, माहीमच्या दर्ग्याची जत्रा आणि जानेवारी-फेब्रुवारीतला काळा घोडा कला महोत्सव. तिन्हीकडे आत जायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे खिशापेक्षा मुलाच्या वयाचा आणि तुमच्या दमाचा विचार करावा लागतो.

आधी माझं मत सांगते. पाच वर्षांखालचं मूल असेल तर सरस. सहा-सातच्या पुढचं, प्रश्न विचारणारं मूल असेल तर काळा घोडा. माहीमला पाळण्यांचं वेड असलेलं मूल न्यावं, तेही सोबत दोन मोठी माणसं असतील तरच.

सरसचा खरा गुण म्हणजे तिथं बघायचं आणि खायचं एकाच जागी आहे. खानदेशाच्या स्टॉलवर मांडे चाललेले असतात. ताई पुरण भरलेला गोळा थोडा लाटतात, मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवू लागतात. पोळी मनगटावरून पुढे सरकत कोपरापर्यंत पसरते आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या खापरावर अलगद पडते. तीन वर्षांचं पोर हे बघत न कुरकुरता उभं राहतं, आणि बाकी कुठल्या कार्यक्रमापुढे ते एवढा वेळ उभं राहील असं मला वाटत नाही. घरी मोबाईल दाखवल्याशिवाय घास न घेणारी मुलंही इथं तोंड उघडतात, कारण पोळी कशी झाली ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. एक मांडा अख्ख्या घराला पुरतो.

तिखटाचं मात्र सांभाळा. शेवभाजी, तांबडा रस्सा, ठेचा हे मोठ्यांचं काम. ‘ताई, लहान आहे, बिनतिखट काय आहे?’ असं सरळ विचारायचं. भाकरीवर तूप-गूळ सहसा कुठं ना कुठं मिळतो. कोकणातल्या बायकांच्या स्टॉलवर घावन किंवा शिरवाळे आणि नारळाचा गोड रस दिसला तर दुसरं काही शोधू नका. सोलकढी आधी स्वतः चाखून बघा, मिरची-लसूण असते. जेवणाच्या भागात बहुधा टेबल-खुर्च्या असतात, आणि मांडीवर मूल घेऊन जेवणाऱ्याला त्याचं मोल कळतं. उणं म्हणाल तर मैदानातली धूळ आणि संध्याकाळी मंचावरचे कर्णे. आवाजाला घाबरणारं मूल असेल तर मंचापासून लांबची जागा धरा. सरसच्या तारखा आणि कधीकधी जागाही बदलते, पण बहुतेकदा वांद्रे-कुर्ला संकुलातलं (बीकेसी) मैदान असतं. निघण्याआधी त्या वर्षीची जाहिरात बघून घ्या.

काळा घोडा 1999 पासून चालू आहे, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत नऊ दिवस. मुलांसाठी गोष्टी, कार्यशाळा, कठपुतळ्या असं बरंच काही असतं, पण कार्यशाळांना वयाची अट असते आणि नावं आधी नोंदवावी लागतात. ऐनवेळी गेलात तर हाती लागतात रस्त्यावरच्या कलाकृतींच्या मांडण्या, आणि त्यांच्याभोवती फोटो काढणाऱ्यांची झुंबड. मोठ्यांच्या कोपरांच्या उंचीवर लहान मुलाचं डोकं येतं, हे रविवारी संध्याकाळी तिथं उभं राहिल्यावर कळतं. बाबागाडी तर नेऊच नका. खायला तिथं थांबण्यापेक्षा फोर्टातल्या एखाद्या उडप्याकडे इडली खाऊन घेतलेली बरी.

मग जायचंच कशाला? तर जवळच्या शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासाठी. मुलांचं संग्रहालय तिथंच आहे, आवारात गोरखचिंचेचं मोठं झाड आहे, सावली आहे, स्वच्छतागृह आहे. तिकीट पडतं, पण दुपारचं ऊन तिथं निघून जातं. आणि तो घोडा, ज्यावरून या चौकाला काळा घोडा म्हणतात. मूळच्या काळ्या पुतळ्यावर सातवा एडवर्ड बसलेला होता. तो 1965 मध्ये चौकातून हलवला, आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. चौकात 2017 मध्ये जो नवा घोडा आला, त्याच्या पाठीवर कोणीच नाही. सात वर्षांच्या मुलाला हे सांगा आणि पुढच्या रविवारी राणीच्या बागेत जायची तयारी ठेवा. तीन वर्षांच्या मुलाला यातलं काही पोचत नाही, त्याला फक्त घोड्यावर बसायचं असतं.

माहीमची जत्रा डिसेंबरमध्ये दहा दिवस असते. सूफी संत मखदूम अली माहिमींच्या दर्ग्यावर पहिला संदल (चंदन वाहण्याचा मान) मुंबई पोलिसांचा, आणि वाजतगाजत येणारी ती मिरवणूक मुलांना खांद्यावरून छान दिसते. समुद्राच्या बाजूला आकाशपाळणे, खेळणी, रोषणाई. हलवा-पराठा मुलं आवडीनं खातात, कारण रव्याचा हलवा गोडच असतो. पराठा एवढा मोठा की तोडून वजनावर देतात. पण ज्या कढईत तो तळतात तिच्या आसपास मुलाला मोकळं सोडू नका. बर्फाचा गोळा आणि कापून ठेवलेली फळं तर नकोच. पाळणे सुरू होताच, उजेड असताना जा. रात्री नऊनंतर त्या गल्ल्यांत मूल कडेवरून खाली ठेवायला जागा उरत नाही.

जायच्या-यायच्या बाबतीत आता फारसा फरक उरलेला नाही. भुयारी मेट्रोनं सरससाठी बीकेसी, माहीमसाठी शीतलादेवी मंदिर आणि काळा घोड्यासाठी हुतात्मा चौक. स्टेशनांवर लिफ्ट आहेत. रिक्षा मात्र फक्त सरसला मिळेल. बाकी दोन्हीकडे टॅक्सी, आणि गर्दीच्या वेळी झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन टॅक्सी शोधणं जड जातं.

तिन्हीकडे एक काम सारखंच: मुलाच्या खिशात तुमच्या नंबरची चिठ्ठी ठेवा. दंडावर पेनानं लिहिलेला नंबर घामानं पुसतो. दोन मुलं असतील, एक तीनचं आणि एक सातचं, तर मधला मार्ग म्हणून सरसच निवडा, आठवड्यातल्या दिवशी, चारच्या सुमाराला. मोठ्याला वारली चित्रं आणि लाकडी भोवरे दाखवा, धाकट्याला मांडे, आणि दिवे लागायच्या आत परत फिरा.