हातखुणा की वॉकी-टॉकी : क्रेनला सिग्नल कशाने द्यावा?

साइटवर क्रेन उभी राहिली की पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न समोर येतो : सिग्नलमनने (भार कुठे, कसा न्यायचा हे क्रेन चालवणाऱ्या ऑपरेटरला सांगणाऱ्या माणसाने) हातखुणांवर काम भागवावे की त्याच्या हाती वॉकी-टॉकी द्यावा? पुण्याच्या पश्चिमेकडील दोन इमारतींच्या कामांवर मी दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या आहेत. पहिल्या कामावर हौसेने वॉकी-टॉकीचे संच घेतले आणि दुसऱ्या कामावर बहुतांशी हातांकडे परतलो. दुसऱ्या कोणाचा अनुभव याच्या उलट असू शकेल, हे मान्य करूनच पुढचे लिहीत आहे.

वॉकी-टॉकीची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. भार इमारतीच्या पलीकडच्या अंगाला किंवा बेसमेंटमध्ये उतरवायचा असेल, तर टॉवर क्रेनच्या ऑपरेटरला खालचा माणूसच दिसत नाही, मग त्याची बोटे कुठून दिसणार? उंचीचाही प्रश्न आहेच. आमच्याकडे दहाव्या स्लॅबनंतर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सिग्नलमनची तर्जनी वर फिरते आहे की खाली, हे केबिनमधून नीट ओळखता येईनासे झाले होते. अशा ठिकाणी आवाजाला पर्याय नाही. आवाजाचा सिग्नल अखंड द्यायचा असतो. ‘आरिया, आरिया, आरिया’ चालू आहे तोवर भार खाली येतो आणि आवाज थांबला की ऑपरेटरनेही थांबायचे. (‘हाबेस’ म्हणजे उचल आणि ‘आरिया’ म्हणजे खाली सोड. खलाशांच्या बोलीतले हे शब्द जुने रिगर, म्हणजे भार बांधणारे आणि सिग्नल देणारे कामगार, आजही वापरतात. ‘आरिया’ तर मूळचा पोर्तुगीज.)

खरेदी करताना एवढेच पाहावे की संच ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातला आणि कमी शक्तीचा असावा. त्याला २०१८ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. जास्त शक्तीचे स्वस्त संच ऑनलाइन सहज मिळतात, पण ते परवान्याविना वापरता येत नाहीत.

माझे मन मात्र एका वेगळ्याच गोष्टीने फिरवले. वॉकी-टॉकीवर बोलणाऱ्या प्रत्येकाला वाक्य संपता संपता, किंबहुना संपण्याच्या किंचित आधीच, बटणावरचा अंगठा उचलण्याची सवय लागते आणि शेवटची दोन-तीन अक्षरे पलीकडे पोहोचतच नाहीत. एरवी त्याने फारसे बिघडत नाही, पण मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. त्या दिवशी आमचा नेहमीचा रिगर रजेवर होता आणि त्याच्या जागी एक हुशार पण नवा मुलगा सिग्नल देत होता. कॉलमच्या शटरिंगची (काँक्रीट ओतण्याच्या साच्याची) भली मोठी प्लेट खालून वर आलेल्या सळयांच्या वीतभर वर लटकत होती आणि सुतार एका सळईवरचे कव्हर ब्लॉक (सळई आणि साचा यांत अंतर राखणारे ठोकळे) नीट करत होता. मुलगा म्हणाला, “आत्ता खाली घेऊ नको.” केबिनमध्ये ऐकू आले ते “आत्ता खाली घेऊ” एवढेच, आणि मराठी कानाला ते पुरे वाक्य वाटते. प्लेट खाली आली. सुताराने हात वेळेवर ओढला, हातमोजा मात्र प्लेटखाली राहिला. जुना रिगर ‘नको’ हा शब्द का वापरत नाही आणि ‘बस’ एवढेच का म्हणतो, ते मला त्या दिवशी कळले.

हाताच्या खुणेला अशी तुटणारी शेपटी नसते. हात आडवा ताणून, तळवा जमिनीकडे करून मागे-पुढे हलवला की थांबायचे. दोन्ही हात तसे हलवले तर तत्काळ थांबायचे, आणि ही खूण साइटवरच्या कोणीही केली तरी ऑपरेटरने ती मानायची. शिवाय सिग्नलमन दिसेनासा झाला तर ऑपरेटर आपोआप थांबतो. उलट संच गप्प झाला, तर बॅटरी संपली आहे की समोरच्याला काही सांगायचे नाही, हे क्षणभर तरी कळत नाही. नियमाप्रमाणे तेव्हाही थांबायचे असते, पण दुपारी चार वाजता, काँक्रीट वाट पाहत असताना, तो नियम किती पाळला जातो हे साइटवरच्या माणसाला सांगायला नको.

आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. हातखुणा करणाऱ्याला भार आणि ऑपरेटर दोन्ही दिसतील अशाच जागी उभे राहावे लागते. वॉकी-टॉकी हाती आला की तोच माणूस हळूहळू सावलीला सरकतो आणि न पाहताच ‘येऊ दे’ म्हणू लागतो.

हातांनाही अडचणी आहेत, नाही असे नाही. पावसात आणि धुळीत ते दिसत नाहीत. मी सिग्नलमनला पांढरे सुती हातमोजे देत असे. दुपारपर्यंत ते सिमेंटने राखाडी होत आणि नवी जोडी काढावी लागे. हायड्रापुढे (भार पुढे लटकवून चालत नेणाऱ्या छोट्या क्रेनपुढे) लटकणारा भार ऑपरेटरची समोरची नजरच अडवतो, म्हणून तिथे सिग्नलमनला बाजूला आणि चांगलेच अंतर ठेवून चालायला शिकवावे लागते. भाराला हात लावून नव्हे, तर टॅगलाइन, म्हणजे भाराला बांधलेली दोरी, धरून.

त्यामुळे हायड्रा, पोकलेन आणि मागे येणारा ट्रान्झिट मिक्सर यांच्यासाठी, माझ्या मते, संचावर खर्च करण्याऐवजी एक माणूस नीट तयार करावा. टॉवर क्रेन असेल, तर सात-आठ मजल्यांपर्यंत हात पुरतात असा माझा अनुभव आहे. त्यापुढे किंवा आंधळ्या उचलीसाठी, म्हणजे ऑपरेटरला भार दिसत नसेल तेव्हा, संच घ्यावेत, पण प्रत्येक क्रेनला स्वतंत्र चॅनेल द्यावे आणि हाबेस, आरिया, आस्ते, बस अशा चार-पाच ठरलेल्या शब्दांपलीकडे त्यावर काही बोलू देऊ नये.

सध्याच्या कामावर आमच्याकडे दोन संच आहेत. आमचा रिगर त्यातला एक डाव्या हातात धरतो आणि बोलता बोलता उजवा हात सवयीने वर करतोच. परवा वरून ऑपरेटरचा आवाज आला, “काका, हात दिसत नाही, जरा पुढं या.”