मार्क फाइव्ह हेल्मेट घेताय? कलई असलेलं की चकाचक केलेलं?

अमेरिकी नौदलाचे पाणबुडे १९१६ पासून थेट १९८० च्या दशकापर्यंत जे तांब्याचं हेल्मेट घालत, ते मार्क फाइव्ह. विकत घ्यायला निघालात की ते दोन रूपांत दिसतं. एक राखाडी, डागाळलेलं, कुठे कुठे पोचे आलेलं. दुसरं आरशासारखं लखलखीत, आणि बऱ्याचदा महागही. पहिल्यांदा घेणाऱ्याचा हात लखलखीताकडेच जातो. माझाही गेला.

पण तो राखाडी रंग म्हणजे मळ नव्हे, ती कलई. आपल्या आज्या तांब्यापितळेच्या पातेल्यांना करून घ्यायच्या, तीच. नौदलाची ही हेल्मेटं कलई करूनच वापरात येत. जिथे हात लागायचे, दोर घासायचा, तिथे ती विरून खालचं तांबं डोकावतं. ही झीज कामाची आहे, ती नंतर आणता येत नाही. बफ, म्हणजे चकाकी आणायचं चाक, फिरवला की कलई तर जातेच, शिवाय शिक्क्यांच्या कडाही बोथट होतात. ब्रेस्टप्लेटवरच्या, म्हणजे हेल्मेटखाली छाती-खांद्यांवर बसणाऱ्या धातूच्या भागावरच्या, कारखान्याच्या पाटीवरून नख फिरवून पाहा. राखाडी हेल्मेटवर ते प्रत्येक अक्षरात अडकतं. माझ्या लखलखीत पाटीवरून ते सरळ घसरतं.

कलई दिसली म्हणून लगेच हुरळू नका. ओरखड्यांच्या तळातही तीच चमक असेल, तर ती अलीकडे केलेली आहे.

रंगाहून मोठी गोष्ट म्हणजे क्रमांक. हेल्मेट आणि ब्रेस्टप्लेट यांच्या गळ्याच्या कड्यांवर तो ठोकलेला असतो, दोन्हीकडे एकच हवा. हेल्मेट वर ठेवून एक अष्टमांश फेरा दिला की आटे बसतात, आणि जोडी मूळची असेल तर समोरची खिडकी बरोबर छातीच्या मध्यावर येते. विकणाऱ्याने मला क्रमांकांबद्दल अवाक्षर सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझं हेल्मेट आजही किंचित डावीकडे पाहतं आणि ते मला रोज खुपतं.

पोच्यांना घाबरू नका. टाळूवरचा उथळ पोचा म्हणजे जहाजाच्या डेकवर बसलेला मार असू शकतो. घाबरायचं ते डाख भरून वर रंग फासलेल्या पोच्याला आणि वाकलेल्या गळ्याच्या कड्याला. कडं वाकलं तर आटे बसतच नाहीत.

तिसरा प्रकार नकलेचा. आपल्याकडे शोभेसाठी अशा भरपूर बनतात आणि मार्क फाइव्हची पाटीही लावतात. अस्सल जोडी साधारण २५ किलोची, नकला बऱ्याचदा त्याहून बऱ्याच हलक्या. मागच्या हवेच्या नळीला हेल्मेटच्या आत वाटच नसेल, तर ती नक्कल. दिवाणखान्यासाठी नक्कल म्हणून, नकलेच्या भावात घेतली तर काही वावगं नाही.

भाव सारखा असेल तर डोळे मिटून राखाडी घ्या. चकाचक केलेलं घ्यायचंच तर क्रमांक जुळत असतील आणि किंमत चांगली खाली येत असेल तरच. घरी आणल्यावर चिंच, लिंबू, पितळ चमकवायची पावडर, काही लावू नका. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसली की पुरे.