नव्या रंगाखाली सडलेली माँट्रियल

1972 ची अल्फा रोमिओ माँट्रियल, नारिंगी रंग, जाहिरातीत 'पूर्ण रिस्टोअर केलेली' असा उल्लेख आणि सोबत बिलांची जाडजूड फाईल. इटलीतल्या एका विक्रेत्याने ही गाडी विकली. घेणाऱ्याने ती डोळे भरून पाहिली, एक फेरी मारली आणि पैसे भरले. घरी आणल्यावर चाक काढायला जॅक लावला, तर गाडी उचलली जाण्याऐवजी जॅकचं डोकं दाराखालच्या सिलमध्ये घुसलं. आत पत्रा उरलाच नव्हता. होता तो गंजाचा भुगा, त्यात फवारलेला फोम, फोमवर पुट्टी आणि पुट्टीवर काळ्या अंडरकोटिंगचा, म्हणजे गाडीच्या तळाला मारायच्या लेपाचा, जाड थर. ही फसवणूक जागेवर कशी पकडता आली असती ते सविस्तर लिहितो आहोत. युरोपात राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी कुणी अशी गाडी शोधत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचावं.

माँट्रियलचा मोह पडतो यात नवल नाही. 1967 च्या माँट्रियल एक्स्पो या जागतिक प्रदर्शनात अल्फाने मांडलेल्या गाडीवरून हिचं रूप आलं, ते बेर्तोने या डिझाइन कंपनीत काम करणाऱ्या मार्चेल्लो गांदिनीचं. विक्रीची गाडी 1970 मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात दाखवली गेली. टिपो 33 या रेसिंग गाडीच्या इंजिनावरून उतरलेला 2593 सीसीचा व्ही-8, 200 हॉर्सपॉवर, झेडएफचा पाच गिअरचा बॉक्स, त्यात पहिला गिअर डावीकडे मागे. 1977 पर्यंत सुमारे 3,900 गाड्या बनल्या. पण खालचा सांगाडा अल्फाच्याच ज्युलिया जीटीचा, त्यामुळे त्या काळच्या अल्फाचं गंजाचं दुखणं हिच्याही वाट्याला आलं. हिची किंमत मर्यादित, इंजिन खोलायचा खर्च मात्र त्या काळच्या महागड्या व्ही-8 गाड्यांच्या तोडीचा. म्हणून इंजिन आणि सांगाडा नीट करून गाडी विकली तर विकणाऱ्याच्या हाती फारसं काही उरत नाही. रंग मारून विकली तर भरपूर उरतं. सगळी लबाडी या हिशोबातून जन्माला येते.

फाईलमधली बिलं खोटी नव्हती, हे आधी लक्षात घ्या. रंगकाम, सीटचं कापड, क्रोम, चाकांचं पॉलिश, नवे टायर, सायलेन्सर, सगळं खरंच झालं होतं. नव्हतं ते सिलच्या पत्र्याचं बिल, वेल्डिंगच्या तासांचा हिशोब आणि रंग उतरवलेल्या उघड्या बॉडीचे फोटो. खर्चाची बेरीज पाहून माणूस दबतो आणि कशावर खर्च झाला ते वाचायचं राहून जातं. ज्याने खरोखर सांगाडा दुरुस्त केला आहे त्याच्याकडे उघड्या पत्र्याचे फोटो असतातच, कारण त्याने सगळ्यात जास्त पैसे तिथेच घातलेले असतात. ते फोटो मागा, आणि त्यांतल्या निदान एकात चॅसी नंबर दिसतो का ते पाहा. दुसऱ्याच गाडीचे फोटो दाखवणारेही भेटतात.

आता पत्रा. रंगाची जाडी मोजणारं मीटर सोबत न्या. मूळ रंग साधारण 100 ते 180 मायक्रॉन भरतो, पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर 200 ते 400 दिसलं तरी घाबरायचं कारण नाही. 1000 च्या पुढे आकडा गेला की खाली पुट्टी आहे, आणि मीटर आकडाच दाखवत नसेल तर खाली लोखंड नाही किंवा थर फार जाड आहे. दाराच्या मधोमध मोजून काही कळत नाही. मोजायचं ते दाराच्या खालच्या कडेला, मागच्या चाकाच्या कमानीवर, पुढच्या काचेच्या खांबाच्या पायथ्याशी आणि सिलच्या पूर्ण लांबीवर दर वीतभर अंतराने.

सिल हा या गाडीचा कणा. दार उघडून सिलच्या खालच्या जोडावर बोट फिरवा. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डचे छोटे खळगे ठरावीक अंतराने हाताला लागले पाहिजेत. जोड एकदम गुळगुळीत लागला तर जुन्या सिलवर नवा पत्रा ओढून कडेला पुट्टी भरली आहे असं समजा. मग खालून पाणी निचरायची भोकं शोधा. ती बुजलेली असतील तर आत ओल कोंडून पत्रा आतून सडत असतो. भोक उघडं असेल तर त्यातून एंडोस्कोप, म्हणजे बारीक नळीच्या टोकाचा कॅमेरा, घाला, दहा मिनिटांचं काम आहे. शेवटी गाडी कंपनीने दिलेल्या जॅक पॉइंटवर उचला आणि त्या बाजूचं दार उघडून बंद करा. दाराची फट बदलली किंवा दार घासायला लागलं तर सांगाड्यात दम नाही. या व्यवहारात विक्रेत्याने 'ताजं अंडरकोटिंग खराब होईल' म्हणून जॅक लावू दिला नव्हता. विक्रीच्या तोंडावर मारलेलं अंडरकोटिंग झाकायलाच मारलेलं असतं, असं धरून चाला. जॅक लावू देत नाहीत तिथून परत फिरा.

इंजिनाची लबाडी याहून सफाईदार होती. खरेदीदार पोचला तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं होतं. थंड इंजिन सुरू होताना जो धूर निघतो, जी खडखड ऐकू येते, ती गरम इंजिनात लपते. म्हणून आधीच सांगून ठेवा की गाडी थंड हवी, आणि गेल्यागेल्या बॉनेट उघडून रेडिएटरच्या पाइपला हात लावा.

माँट्रियलमध्ये कार्बोरेटर नाहीत, स्पिका कंपनीचा यांत्रिक इंजेक्शन पंप आहे, दोन्ही सिलिंडर रांगांच्या मधल्या खाचेत बसवलेला. इंजिन किती तापलं हे पंपाला सांगणारा एक थर्मोस्टॅटिक अ‍ॅक्च्युएटर असतो. तो वयाने निकामी झाला की पंपाच्या लेखी इंजिन कायमचं थंड, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. छोट्या फेरीत हे जाणवत नाही, उलट गाडी जोमदार वाटते. पण जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन नेतं, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती झिजतात, आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरून बेअरिंगं खातं. या गाडीत तेच झालं होतं. ऑइलची काडी नाकाशी धरली असती तरी पेट्रोलचा वास आला असता.

ऑइल मोजण्याचीही रीत आहे. इंजिन ड्राय संपचं, ऑइलची टाकी वेगळी. इंजिन पूर्ण गरम आणि चालू असतानाच पातळी खरी कळते. थंड, बंद इंजिनावर ऑइल टाकीतून खाली उतरलेलं असतं आणि काडी कमी दाखवते. तसं मोजून वरून ऑइल ओतणाऱ्या विक्रेत्याला ही गाडी कळलेलीच नाही, मग त्याने सांगितलेला सर्व्हिसचा इतिहास किती धरायचा?

इंजिनाचा निकाल लावायचा तर आठही सिलिंडरांची कॉम्प्रेशन टेस्ट गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडून करायची, आणि तिच्यासोबत लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून किती निसटते ते मोजणं. गळती 10 टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, 20 च्या वर असेल तर इंजिन खोलायचा खर्च किमतीतून वजा करा. हवा कुठून निसटते ते कान लावून ऐका. ऑइल भरायच्या तोंडातून येत असेल तर रिंगा गेल्या, सायलेन्सरमधून येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. हे काम अल्फाची जुनी इंजिनं हाताळणाऱ्या आणि विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्या. विक्रेत्याने सुचवलेला मेकॅनिक नको.

कागदांवर वेळ फार लागत नाही. डाव्या स्टीअरिंगच्या गाडीचा टाइप 105.64, उजव्या स्टीअरिंगचा 105.65, इंजिनाचा 00564. प्लेटवरचा, बॉडीत ठोकलेला आणि 'लिब्रेत्तो' म्हणजे इटालियन आरसी बुकातला चॅसी नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. ठोकलेल्या आकड्यांभोवती ग्राइंडरच्या खुणा किंवा जाड रंग दिसला तर थांबा. गाडीवर इटालियन नंबर असेल तर पीआरए या सरकारी नोंदवहीतून 'एस्त्रात्तो क्रोनोलोजिको' मागवता येतो, त्यात मालकांची साखळी मिळते. अल्फाच्या आरेझे इथल्या दफ्तरातून चॅसी नंबरवरून मूळ रंग आणि बनल्याची तारीख कळते. ओडोमीटरवर मात्र विसंबू नका.

सगळ्यात जास्त संताप येतो तो कराराचा. शोरूम विक्रेत्याची, पण करारावर विकणारा म्हणून भलत्याच खासगी माणसाचं नाव. इटलीत याला 'कोंतो वेंदिता' म्हणतात, म्हणजे मालकाच्या वतीने विक्री. पद्धत कायदेशीर आहे, पण तिच्या आडून व्यापारी ग्राहक कायद्यातली हमी टाळू पाहतो. खाली एक ओळ, 'विस्ता ए प्याचूता', पाहिली आणि पसंत पडली, म्हणजे नंतर निघालेल्या दोषांची हमी नाही. इसार घेतानाच 'उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय' अशी घाई केली होती, त्यामुळे करार नीट वाचला गेला नाही.

तरीही त्या ओळीने सगळं संपत नाही. इटालियन दिवाणी संहितेच्या कलम 1490 नुसार विकणाऱ्याने दोष जाणूनबुजून लपवला असेल तर हमी वगळणारी अट रद्द ठरते. कलम 1495 नुसार दोष कळल्यापासून 8 दिवसांत विकणाऱ्याला कळवावं लागतं आणि दाव्याची मुदत गाडी ताब्यात आल्यापासून 1 वर्ष. लपवलेल्या दोषाला 8 दिवसांची अट लागू नाही, पण लपवल्याचं सिद्ध करणं तुमच्याच गळ्यात पडतं, म्हणून ते 8 दिवस पाळाच. दोष दिसला की गाडीला हात लावू नका, फोमचा तुकडाही काढू नका. आधी तारखेसह फोटो, मग तज्ज्ञाचा लेखी अहवाल, आणि पोच मिळणाऱ्या रजिस्टर्ड पत्राने तक्रार. पत्र करारावर नाव असलेल्या माणसाला आणि शोरूमला, दोघांनाही पाठवा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा, कारण 'पूर्ण रिस्टोअर केलेली' हे शब्द असलेलं पान तक्रार पोचताच गायब होतं.